उन्हावर चालणारा आवाज

आबा, म्हणजे माझे वडील, वारल्यावरही रोज सकाळी खिडकीत ऊन आलं की बोलायला लागायचे, आणि आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. यात भुताटकी नाही. पण सगळं पहिल्यापासून सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा नवरा म्हणतो तसं, मी गोष्टीला शेपटाकडून धरते.

आबा खांडबाऱ्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि आमच्या चर्चचे पंच. उपासनेत शास्त्रपाठ वाचायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. पाळक बदलून जायचे, आबांचा आवाज तिथंच असायचा. आमच्या घरात अहिराणी, चर्चमध्ये मात्र सगळं शुद्ध मराठीत. देव पुण्याचा असावा असं. मग कधीतरी अहिराणीतून शुभवर्तमान वाचून त्याचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. चर्चमागच्या खोलीत भिंतींवर लोकांच्या घरच्या गोधड्या टांगल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद केला, आणि आबा बनियनवर घामाघूम होऊन वाचत बसले. ते वाचन उन्हावर चालणाऱ्या लहान डब्यांत भरून गावोगाव वाटलं. डबा टिफिनएवढा, वर काळी काच, खाली बटण. आबांनी स्वतःचा डबा कपाटावर टाकून दिला होता. स्वतःचाच आवाज काय ऐकायचा, म्हणाले.

ते एका उन्हाळ्यात गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात नेलं, आणि नेलं तसं आणलं. आईनं जेवण सोडलं. मोतीबिंदूमुळे तिला माणसं फक्त सावल्यांसारखी दिसतात, ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून जाते. तिचं सगळं जग कानावर चालतं आणि त्यातला मुख्य आवाजच बंद झाला होता. आम्ही ताट ठेवायचो, ती बोट लावायची आणि सरकवून द्यायची. मला खरंच वाटलं की आता आईही जाणार.

माझा धाकटा भाऊ आईजवळ राहतो. त्यानं कपाटावरून तो डबा काढला, पुसला आणि खिडकीत ठेवला. बटण अडकलेलं होतं, बंदच व्हायचं नाही. संध्याकाळनंतर बॅटरी उतरली की आबा वाक्याच्या मध्येच थांबायचे आणि सकाळी काचेवर ऊन पडलं की तिथूनच पुढे सुरू. आई त्या वेळेला चहा घेऊन खिडकीशी बसायला लागली. एका अध्यायात आबांना खोकला आला आहे, तो काढून टाकायचा राहून गेला. तो आला की आई हमखास म्हणायची, "पानी पी ल्या." मग स्वतः घोटभर प्यायची. हळूहळू भाकरीही खायला लागली. पाळकसाहेबांना हे बरं वाटेना. मेलेल्याशी बोलणं शास्त्रात बसत नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, ती जेवतेय."

मी धीट आहे असं लोक म्हणतात, पण एकदा माझीही पाचावर धारण बसली. खांडबाऱ्याचा बाजार होता. मी वांगी निवडत होते आणि अगदी मानेजवळ आबा म्हणाले, "भिऊ नका." हातातली पिशवी सुटली. मागं वळले तर कोणी नाही. भाजीवालीनं पालाच्या बांबूला तसलाच डबा उन्हात टांगला होता. ती म्हणाली, "घाबरन्यात का ताई? हाऊ मास्तर रोज बोलस. ऊन पडनं का सुरू." तिला काय माहीत तो मास्तर माझा बाप. मीही सांगितलं नाही. पण घरी जाताना मनात येत राहिलं की या घडीला किती गावांत, किती छपरांवर आबा बोलत असतील, आणि त्यांतल्या कोणालाच ते गेल्याचं ठाऊक नसेल.

आता भाऊ. त्याचं मोबाईलचं दुकान आहे. बाजारात नवीन काही आलं की ते याच्या हातात आधी आणि डोक्यात नंतर. माझ्या फोनला त्यानं न विचारता इतकी ॲप घालून दिलीत की फोनच मला चालायला गेलीस का म्हणून विचारतो. पण पोरगा मनाचा लोण्याचा आहे. आबांच्या वर्षदिनाची प्रार्थना चर्चमध्ये ठेवायची होती आणि त्याला आईसाठी काहीतरी मोठं करायचं होतं. कुठल्याशा ॲपमध्ये माणसाच्या आवाजाचे तुकडे टाकले की यंत्र तो आवाज शिकतं, मग आपण लिहू ते त्या आवाजात बोलून दाखवतं. आबांचा आवाज तर तासन् तास भरून ठेवलेला. यानं कोणाला काही सांगितलं नाही, मलाही नाही.

प्रार्थना झाली, गीत झालं. मग भाऊ पुढं आला आणि म्हणाला, आबासना निरोप शे. चर्चच्या नव्या मोठ्या स्पीकरमधून आबा बोलले. आधी आईचं नाव घेतलं. मग, देवाघरून बोलावं तसं, "मी आठे सुखी शे. तू रडू नको. आपली भेट व्हई."

सगळं चर्च हुंदके देऊन रडलं. मीही रडले, खोटं कशाला सांगू. तो आबांचाच आवाज होता, तोच जडपणा, शब्दाच्या शेवटी तोच किंचित खाली येणारा सूर. फक्त एक जण रडत नव्हती. आई उठून उभी राहिली होती. ज्या बाजूनं आवाज आला तिकडं मान करून तिनं विचारलं, "कोन शेस तू?"

तेवढ्यात भावाच्या फोनवर ते आपोआप पुन्हा सुरू झालं. पुन्हा आईचं नाव, अगदी तसंच, तितक्याच मायेनं. आईनं कानांवर हात ठेवले आणि भिंत चाचपत ती दारातून बाहेर पडली.

आबांनी आईचं नाव आयुष्यात कधी घेतलं नाही. त्यांच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत, हे मला पाठ आहे, तरी त्या घडीला आठवलं नाही. लग्नात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा आबांनी बायबलचं एक वचन म्हणून वेळ मारून नेली, असं मावशी सांगते. आईला ते "आयकस का?" एवढंच म्हणायचे, तेही हवेत बघून, आणि आई असेल तिथून यायची. भाऊ आपल्या बायकोला दिवसातून शंभर हाका नावानं मारतो. त्याला वाटलं, नवरा बायकोला हाक मारणार ती नावानंच.

बाहेर चिंचेखाली भाऊ तिच्या पायाशी बसला. "आवाज आबासनाच शे माय. शब्द फक्त मी लिखेल शेतस."

"मंग तोंड कोन्हं?" आईनं विचारलं. ती पुढं म्हणाली, "जनमभर त्यास्नी मन्हं नाव लिधं नही. मरी गयात आनि मंग लेतीन का?"

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण दुसऱ्या सकाळी, मी अजून माहेरीच होते, ऊन आलं, डबा सुरू झाला आणि आई चहाला आली नाही. ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती, परक्याच्या घरी उभं राहावं तशी. मग मला म्हणाली, पुस्तक काढ, हा बरोबर वाचतोय का ते बघ. आबांनी ज्या छापील पुस्तकावरून वाचलं होतं ते घेऊन मी ओळीवर बोट ठेवत बसले. शब्द न् शब्द जुळत होता. खोकलाही आला, आई गप्प. आणि पुढच्या पानावर, दोन वाक्यांच्या मधे, आबा हळूच म्हणाले, "हां."

पुस्तकात तसलं काही नव्हतं. मी बोट तिथंच ठेवलं. गोधड्या टांगलेल्या खोलीत कोणीतरी काहीतरी विचारलं असेल, दार वाजलं असेल. असलंच काहीतरी.

"कोनले हां म्हनी ऱ्हायनात त्या?" आईनं विचारलं. मी म्हटलं, आबांसोबत असेल खोलीत कोणी. ती म्हणाली, हे आधी नव्हतं. मी म्हटलं, होतंच. पण मी त्याआधी पुस्तक घेऊन कधी ऐकलं होतं? आईनं काळ्या काचेवर जुनं लुगडं चार घड्या करून टाकलं. दिवेलागणीपर्यंत आबा बोलत राहिले, मग एका शब्दाच्या मध्येच थांबले. त्यानंतर तिनं त्यांना ऊन दाखवलं नाही.

भावानं ॲप काढून टाकलं, तरी ते मेल पाठवून बरेच दिवस त्याला सांगत राहिलं: तुमचा आवाज तयार आहे, आणखी एक वाक्य लिहा. तो दुकानात बसून ते वाचायचा आणि रडायचा. आईनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. पण ती फोनवर यायची बंद झाली. मी नंदुरबारला असते, आमचं रोज बोलणं व्हायचं. आता मी फोन केला की भावजय तिच्या कानाला लावायची आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. एकदाच ती बोलली, "बाई, तू शेस का?" मी म्हटलं, मीच गं. ती म्हणाली, "तसं तर तेबी म्हनी." ते यंत्रही तसंच म्हणेल. त्यावर मी काय पुरावा देणार होते? मग मी दर शनिवारी गाडीनं खांडबाऱ्याला जायला लागले. ती आधी माझा हात हातात घेते, बांगडीखालचा भाजल्याचा डाग अंगठ्यानं शोधते, मगच बोलते.

अशाच एका शनिवारी तिनं माझा फोन मागितला. दिसत नाही म्हणून ती मला वर्षानुवर्षं बोलून निरोप पाठवायची, भावजय बटण धरून ठेवायची. ते सगळे माझ्याकडे होते. लोणचं नेलं नाहीस. कोंबडीनं पिल्लं काढली. पाऊस आला, कपडे काढ, अशी माझ्यावरच ओरडते, मी नंदुरबारला असताना. एकात ती नुसती हसत सुटली आहे, कशाला ते तिलाही सांगता येईना. मी बसमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये ते कानाला लावायची.

"मन्हा आवाज पुसी टाक," आई म्हणाली. "मी मरसू, मंग मन्हा तोंडमा कोनीबी काहीबी घाली दी."

मी म्हटलं, मी कोणाला देणार नाही. ती म्हणाली, तुझ्या भावानं काय परक्याला दिला होता? मी चिडले, भांडले, शेवटी हातापाया पडले. ती ऐकेना. मग आम्ही दोघी पलंगावर बसलो. मी एकेक निरोप लावायची, ती ऐकायची, मान हलवायची, मी पुसायची. कुठल्या दूरच्या यंत्रात तिचा आवाज अजून उरला असेल का, मला माहीत नाही. तिनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. हसण्याचा आला तेव्हा मी म्हटलं, हा एक राहू दे. तिनं शेवटपर्यंत ऐकला, स्वतःही थोडी हसली आणि म्हणाली, "पुस."

त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपली. मी जागी होते. आता शनिवारी ती बोलायला लागली की मी मध्ये बोलत नाही.