शिलंगणाच्या वाटेवरचा सूर

सनईच्या ताफ्यात फुंकणारे दोघे असतात. एक वाजवतो, दुसरा सूर धरतो. सुराच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात आणि तिच्यातून एकच स्वर निघतो. तो तोडायचा नसतो. वाजवणारा मध्ये थांबेल, दम घेईल, तंबाखूची चिमूट लावेल. सूरवाल्याला ती सोय नाही. मी सूर धरायची. पुष्कळ वर्षं धरला. आमच्या नातवंडांना वाटतं, म्हातारी थापा मारते.

माझं माहेर मलकापूरजवळ. चौथी झाली आणि शाळा संपली. लग्न होऊन सांगलीच्या अलीकडच्या एका कृष्णाकाठच्या गावात आले. सासरी देवीच्या वाजंत्रीची सेवा होती. सकाळ-संध्याकाळ देवळाच्या दरवाजावरच्या नगारखान्यात वाजवायचं आणि दसऱ्याला पालखीपुढं शिलंगणाच्या माळापर्यंत वाजवत जायचं. त्याबद्दल नदीकाठच्या मळीच्या जमिनीची एक पट्टी आमच्याकडं होती. घर तिच्यावरच जगायचं. अट अशी की सनई, सूर आणि चौघडा तिन्ही हवेत. एक कमी पडलं तर सेवा भावकीतल्या दुसऱ्या घराकडं जाणार आणि सेवेमागनं जमीन.

सासरे सनई वाजवायचे. त्यांना मी मामा म्हणायची. थोरले दीर पायानं अधू, ते चौघड्यावर; पालखीपुढं ते चौघड्यासकट बैलगाडीत बसायचे. सूर आमच्या मालकांचा. लढाई पेटली तसे मालक पलटणीत भरती झाले. कराडच्या बाजाराला जातो म्हणून गेले आणि पुण्याहून कार्ड आलं. मामा म्हणाले, "गेला तर गेला. सूर कोण धरणार ह्ये तरी सांगून जायाचं."

शेजारच्या गावात मामांचे चुलतभाऊ राहायचे, त्यांना आम्ही काका म्हणायचो. त्यांच्या घरात फुंकणारे मुलगे भरपूर. ते लगेच समाचाराला आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "दादा, माझा थोरला देतो सुराला. घरचंच हाय."

"आज सूर देशील, उद्या सनई बी तूच आणशील," मामा म्हणाले. "चहा घ्यायचा अजून?"

काका उठून गेले.

सूर शिकवायची आमच्यात एक रीत आहे. पाण्याच्या तांब्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवायचा आणि फुंकायचं. बुडबुडे थांबता कामा नयेत. गालातला वारा बाहेर ढकलायचा आणि त्याच वेळी नाकानं नवा घ्यायचा. मामांनी दिरांना तांब्यासमोर बसवलं. चौघडा कुणाकडूनही बडवून घेता आला असता. पण दिरांचे बुडबुडे सारखे तुटायचे. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मला बघवेना.

"भावजी, छाती कशापाय फुगवताय? गाल फुगवा."

"लय कळतंय, तर तूच फुंक की."

मी पिठाचा हात पुसला आणि फुंकलं. बुडबुडे तुटले नाहीत. ओल्या काटक्या फुंकण्यात माझा जन्म गेला होता, त्यात नवल काही नव्हतं. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या तोंडाला सनई लावताय व्हय? गाव थुंकंल."

"गाव खाली असतंय," मामा म्हणाले. "वर नगारखान्यात कोण येतंय बघायला?"

अशी मी वर चढले. सुरुवातीला ओठ सुजले, चटणी लागली की डोळ्यांतून पाणी यायचं. मग सवय झाली. मामांनी कधी कौतुक केलं नाही. सूर हलला की पायानं फळीवर ठोकायचे, तेवढंच.

नवरात्रात काका देवीला आले. खाली उभे राहून त्यांनी ऐकलं आणि वर हाक मारली, "सूर कोण धरतंय रं?"

"देवीच धरती, काका," दीर म्हणाले.

काका शिडी चढले. फळीतल्या चौकोनातून त्यांचं मुंडासं वर आलं, मग डोळे. मला सूर तोडता येईना, म्हणून मी फुंकतच राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग ते उतरले आणि सरळ पाटलांच्या घरी गेले.

पाटलांच्या सोप्यात आम्हाला बोलावणं आलं. मी दाराशी उभी राहिले.

काका म्हणाले, "पाटील, नगारखान्यात झालं ते झालं. पालखीम्होरं बाई फुंकत चालणार काय? माझ्या थोरल्याला उभा करतो. सेवा पुरी हुईल."

"सेवा पुरी हाय," मामा म्हणाले. "सनई हाय, सूर हाय, चौघडा हाय. सुराला मिशा पाहिजेत असं कुठं ठरलंय?"

पाटील हसले. त्यांना दोन्ही बाजू राखायच्या होत्या. आमच्या गावची रीत अशी, की पालखी उचलल्यापासून ती माळावर टेकेपर्यंत सूर तुटायचा नाही. तुटला तर पालखी तिथंच खाली ठेवायची. तो गावाला अपशकुन. पाटलांनी ठरवलं, की मी चालायचं. सूर तुटला तर सेवा काकांची, जमिनीसकट. नाही तुटला तर हा विषय परत काढायचा नाही.

काकांना हे पटलं, कारण चालता चालता सूर धरणं बसून धरण्यासारखं नसतं. पावलागणिक वारा हलतो. तरी ते म्हणाले, "निदान तोंड तरी झाका तिचं. चारचौघांत गाल फुगवून चालणार, शोभतं का? पदर पुढं घ्यायला सांगा."

पाटील म्हणाले, "ते बराबर हाय."

दसऱ्याला पालखी उठली. मी डोक्यावरचा पदर नाकाच्या खालपर्यंत ओढून सनईवरून सोडला आणि मामांच्या मागं चालू लागले. पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त मामांच्या टाचा दिसत होत्या. वेशीपाशी काकांचे मुलगे गुलाल घेऊन उभे होते. दरवर्षीच गुलाल उधळतात, पण तो पालखीवर. त्या दिवशी मुठी माझ्या अंगावर आल्या. सूरवाला नाकानं वारा घेतो. नाकात गुलाल गेला की शिंक येणार आणि शिंक आली की सूर गेला. मालकांचा एकदा असाच तुटता तुटता वाचला होता, ते मान फिरवून चालायचे. मला मान फिरवायची गरज पडली नाही. गुलाल सगळा पदरावर बसला. पदर काकांच्या सांगण्यावरून घेतला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण पुढं ते दिसले नाहीत.

माळावर पालखी टेकली. मामांनी पायानं जमिनीवर ठोकलं, तेव्हा मी सनई तोंडातून काढली. ओठ बधिर झाले होते. आपट्याची पानं वाटायला लोक आले, मला बोलता येईना. घरी येऊन मी भाकऱ्या केल्या.

त्यानंतर दुसऱ्या ताफ्यांची बोलावणी यायला लागली. माधवनगरच्या लग्नांत मी मांडवामागं बसून सूर धरला. सांगलीत ग्रामोफोनच्या तबकड्या भरणारे लोक आले, तेव्हा एका नावाजलेल्या सनईवाल्याचा सूरवाला तापानं पडला होता. मला नेलं. यंत्राजवळ माझा सूर फार मोठा येतो म्हणून खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसवलं. तबकडीवर नाव त्यांचं. सुराचं नाव कुणी लिहीत नाही, पुरुषाचंही नाही.

लढाई संपल्यावर मालक परत आले. ते म्हणाले, "आता सूर माझ्याकडं दे. तू घर बघ."

मी सनई दिली. संध्याकाळी ते वर बसले. पलटणीत बिगूल फुंकून त्यांची सवय बदलली होती, छातीनं एकदम वारा सोडायचे. आरती व्हायच्या आत सूर दोनदा तुटला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. खाली पुजारी वर बघायला लागला.

मामांनी त्यांच्या हातातली सनई काढून माझ्याकडं दिली आणि झांज त्यांच्यापुढं सरकवली.

"बायकोच्या मागं झांज वाजवू व्हय?" मालक म्हणाले.

"मळी खाताना तिचीच खातोस," मामा म्हणाले. "वाजव."

मालक रुसून खाली गेले. बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जेवायला मात्र वेळेवर यायचे. दिवाळीला ते वर आले, झांज उचलली आणि माझ्या डाव्या बाजूला बसले.