मारुतीच्या तोंडावरून ठरवलेली दक्षिण

अन्याय झाला आमच्या शेजारच्या मेसवाल्या काकूंवर. संक्रांतीच्या आदल्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. छतावर पाणी तापवायचा सोलर बसवला की वीजबिलात सूट मिळायची. अट एकच, पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. गिरडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात पहिला सोलर काकूंनी बसवला, तोही बरोबर दक्षिणेला तोंड करून. तपासायला आलेल्या साहेबांनी गल्लीत उभं राहूनच फॉर्मवर शेरा मारला: अपात्र, तोंड उत्तरेला.

जिना होता. साहेब चढले नाहीत!

मी तेव्हा कॉलेजात, पिशवीत कायम मोर्च्यांची पत्रकं. तरातरा गेले आणि विचारलं, "साहेब, वर न जाता दिशा कशी ठरवली?"

त्यांनी समोरच्या देवळाकडे बोट केलं. "मारुती दक्षिणमुखी राहते. तुमचं पॅनेल त्याच्या समोरासमोर. म्हणजे उत्तर. एवढंही समजत नाई का, बाई?"

आमचा मारुती उत्तरमुखी! रस्ता देवळाच्या मागून गेला, तेव्हा गावानंच त्याला रस्त्याकडे फिरवून बसवलं होतं. हे सांगितलं तर साहेब हसले. "देव काऊन फिरवन कोणी?"

मी भडकणारच होते, पण काकूंनी माझा हात दाबला. "थांब वं पोरी. साहेब, जेवाची वेळ झाली. जेवून जा."

साहेबांनी हात धुवायला नळ सोडला आणि झटकन हात मागे घेतला. पाणी चटके देत होतं.

"उत्तरेचं ऊन हाय, साहेब," काकू म्हणाल्या. "जपून!"

पंगतीतले एक मास्तर हसता हसता ठसकले.

जेवण होईतो बारा वाजून गेले. मी काठी घेऊन छतावर गेले. आता एवढ्या लोकांसमोर साहेबांना चढावंच लागलं. थंडीत भरदुपारची सावली उत्तरेला पडते, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मी काठी सरळ उभी धरली.

"काय झालं वं?" काकू खालून ओरडल्या. सूट गेली तर सोलर विकायचा, असं घरात ठरलं होतं.

"सावली पॅनेलच्या पाठीकडं हाय, काकू! तोंड दक्षिणेलेच!"

साहेबांनी पेन काढला, शेरा खोडला आणि तिथेच, छतावर, सही केली. गल्लीत टाळ्या पडल्या.

तुमच्याही फॉर्मवर कोणी खालूनच शेरा मारला असेल, तर तो घरी आणू नका. त्या माणसाला तिथेच थांबवा, जिना दाखवा आणि वर चढवा.