खाडी ओलांडताना झाकलेलं तोंड

माजिवड्याच्या आवडाबाईच्या नाकावर राग, असं सगळे म्हणत. म्हणोत बापडे. तो राग आला कुठून हे विचारायची तसदी एकानेही घेतली नाही, आणि मला विचाराल तर तिचा राग कमीच पडला.

ती मिठागरावर मीठ ओढायची. आगगाडी ठाण्याला येऊन तीसेक वर्षं झाली होती, पण पलीकडे काल्हेरला जायचं तर होडीच. आणि खाडीच्या पाण्यात साती आसरा राहतात. तान्हं मूल त्यांच्या नजरेला पडलं की त्या ओढून नेतात, म्हणून होडीत पाय ठेवण्याआधी मुलाला लुगड्याच्या झोळीत खोल घालायचं, तोंडावर काळं फडकं ओढायचं आणि पलीकडचा काठ येईपर्यंत उघडायचं नाही, असा रिवाज. नुसतं डोकावलं तरी पाप.

आवडाबाईचा पहिला मुलगा असाच होडीतून आणला होता. वाटेत त्याची चुळबूळ थांबली. तिला बघायचं होतं. सासूने हात धरला. काठावर फडकं काढलं तेव्हा पोराची हनुवटी छातीत रुतलेली आणि ओठ काळेनिळे. आसरांनी नेला, असं गावाने ठरवून टाकलं. वर तिलाच आसरांची ओटी भरायला लावली. श्वास कोंडला यांनी आणि नाव देवींचं!

तेव्हापासून ती रस्त्यात बायकांना अडवू लागली. झोळी बेंबीपाशी लोंबताना दिसली की गाठ सोडायला लावायची. पोर छातीशी उभं बांधावं, इतकं वर की मान वाकवली तर टाळूचा मुका घेता यावा. हनुवटीखाली दोन बोटं जावीत, गुडघे वर यावेत, पाठीशी कापड ताठ असावं, मानेला आधार आणि नाकतोंड उघडं. खाली वाकायचं तर गुडघ्यांतून, कमरेतून नव्हे. हे सगळं ती शिव्यांसकट सांगे. बायका मान डोलावत आणि चार पावलांवर जाऊन पुन्हा फडकं ओढत.

तिच्या शेजारच्या रखमाबाईची सून रतन पहिलटकरीण. बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने सासू तिला माहेराहून, काल्हेरहून आणायला गेली, तेव्हा परतीच्या होडीत आवडाबाईही होती. रखमाबाईने नातवाला रतनच्या पोटाशी खोल बांधला, वर काळं फडकं. आवडाबाईने हटकलं तर स्वतःचं पोर खाल्लेली म्हणून तिला चारचौघांत हिणवलं. भर खाडीत झोळी हलायची थांबली. रतनने सासूकडे पाहिलं. झोपलाय, सासू म्हणाली.

"झोपला नाय," आवडाबाई म्हणाली. "सोड ती गाठ."

रतनचा हात गाठीपर्यंत गेला आणि सासूच्या डोळ्यांनी तिथेच थिजला. मग आवडाबाईच उठली. होडी डुचमळली, होडीवाला भिवा ओरडला, तिने फडकं ओढून पाण्यात भिरकावलं. पोर निळं पडत चाललं होतं. तिने ते बाहेर काढून हातावर आडवं घेतलं, मान सरळ केली, हनुवटी उचलली, पाठ चोळली. त्या वेळात रखमाबाई काय करत होती? पाण्याला हात जोडून आसरांची माफी मागत होती.

पोर रडलं. गावात मात्र रखमाबाईने सांगितलं की आसरांनी दया केली, नाहीतर या अवदसेने घात केला होता. आसरांच्या नावाने जेवण घातलं, आवडाबाईला बोलावणं नाही. तिच्या सावलीलाही उभं राहायचं नाही, अशी रतनला ताकीद. रतनने ती मुकाट्याने ऐकली. सासूपेक्षा मला या मुकेपणाची चीड जास्त येते.

पुढच्याच महिन्यात रतनच्या भावाचं लग्न निघालं. धक्क्यावर रखमाबाई नवं फडकं घेऊन तयार. रतन पोराला घेऊन तिच्यासमोरून सरळ पुढे गेली, मिठाच्या राशीपाशी आवडाबाई उभी होती तिथे.

"मावशी, मला बांधून दे."

आवडाबाईने आधी तिला झाडलं, इतके दिवस कुठे मेली होतीस म्हणून. मग लुगड्याची घडी खांद्यावरून घेतली, पोर वर उचललं, हनुवटीखाली बोटं घालून पाहिली आणि पाठीमागे गाठ मारली. तोंड चालूच होतं. रखमाबाई सगळ्यांसमोर म्हणाली की पोराला काही झालं तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

"त्याचा सास मला दिसला पायजे," रतन म्हणाली. "आसरांना दिसला तर दिसू दे."

होडी सुटली. गाठ ढिली पडली तर आवळ गं, म्हणून आवडाबाई काठावरून कितीतरी वेळ ओरडत होती.