खांबावरचा ऑगर आणि माझी मिशी

विमानतळावरून मॉरिसव्हिलला लेकीच्या घरी निघालो आणि अमेरिकेत पहिलं काय दिसलं, तर ऑगर बझर्ड (घारीपेक्षा जाडजूड, विटकरी शेपटीचा आफ्रिकी शिकारी पक्षी). हायवेलगतच्या खांबावर आरामात बसला होता. केनियात चहाच्या मळ्यावर पाच वर्षं यंत्रं सांभाळताना मी त्याला रोज पाहिलेला. गाडीत ओरडलोच.

"बाबा, रेड-टेल्ड हॉक असेल," गाडी चालवणारा जावई मंदार म्हणाला. "इकडे खूप कॉमन आहेत."

"ऑगर नसला तर मिशी काढीन."

पस्तीस वर्षं जपलेली मिशी. मागच्या सीटवर पेंगणारी माझी बायको सुमन खडबडून जागी झाली. "मंदार, तू साक्षीदार," ती म्हणाली.

आठवडाभर मी बारा वर्षांच्या नातीला, ईशाला, ऑगर शिकवला. पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, शेपूट आखूड. उंदीर हेरत तासन्‌तास खांबावर बसतो, उतारावर वारा असला की पंख न हलवता जागच्या जागी तरंगतो, आणि ओरडतो ते भुंकल्यासारखं. तो इथे आला कसा, असं तिनं इंग्रजीत विचारलं. मीही आलोच ना, म्हटलं.

शनिवारी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दुर्बीण घेऊन आम्ही हायवेमागच्या कच्च्या रस्त्यानं खांबाशी पोचलो. पक्षी हजर. माझ्या तोंडात घास असतानाच तो उडाला आणि चढावरच्या वाऱ्यात स्थिर झाला.

"बघा, ऑगर," मी म्हणालो. मंदारचा चेहरा पडला. सुमनचा त्याहून जास्त.

"बट आजोबा," दुर्बिणीतून बघत ईशा म्हणाली, "बेलीवर डार्क पट्टा आहे. यू सेड प्लेन व्हाइट. अँड पाठ ब्राउन आहे."

मी दुर्बीण घेऊन काच पुसली. पट्टा जागेवरच होता. वर तो पक्षी लांबलचक, घोगरं किंचाळला. भुंकण्याचं नाव नाही. तेवढ्यात बाजूच्या शेताच्या म्हाताऱ्या मालकानं पिकअप थांबवली. "रेड-टेल," कुणी न विचारता तो म्हणाला. "या खांबावर दर वर्षी एक असतोच."

मला फार वाईट वाटलं. मिशीचं नंतर, आधी केनियाचं. तिथली जुनी ओळख परत भेटली म्हणून मी आठवडाभर हवेत होतो, आणि ओळख होती फक्त शेपटीची.

"बाबा, कॅन्सल करू या ना," मंदार घरी म्हणाला. सुमननं तोवर त्याचा ट्रिमर आणून ठेवला होता.

दोन आठवड्यांनी मुंबईला उतरलो. इमिग्रेशनच्या साहेबानं पासपोर्टातला मिशीवाला फोटो पाहिला, मग माझ्या ओठावरचे खुंट. मी केनियापासून सांगायला सुरुवात करणार होतो.

"मिशी काय, काका, येते-जाते," असं म्हणत त्यानं माझे कान, नाक, हनुवटी सावकाश न्याहाळली. "एका खुणेवर कोण ओळखतं?" आणि शिक्का मारला.

"ऐकलंत?" मागून सुमन म्हणाली.

ऐकलं. पण हा माणूस मला त्या खांबाखाली भेटायला हवा होता.