वाढवलेली वीस मिनिटं

मावशीचा आवडता जुना सिनेमा पूर्वी कापलेली वीस मिनिटं वाढवून पुन्हा लागला, म्हणून मी तिला हौसेने दुपारच्या खेळाला नेलं. मूळ सिनेमात नायक शेवटी बोटीत बसून निघून जातो, एवढंच. "येतो गं तो परत," असं मावशी आईला नेहमी ठासून सांगायची. मावशीचे यजमान, आमचे काकाही असेच एकदा घरातून गेले, ते आलेच नाहीत.

नव्या शेवटात बोट बुडाली आणि किनाऱ्याला लागलेलं त्याचं प्रेतही दाखवलं. दिवे लागले तरी मावशी उठेना. मी नुसता चरफडत होतो. कुणी मागितली होती ही वीस मिनिटं? पूर्वी ज्याने ती कापली, त्याला माणसं कळत होती.

रिक्षात मावशी हळूच म्हणाली, "तुझ्या आईला शेवट सांगू नकोस हं."