लोड न देता पास

अजूनही डोकं फिरतं. डॉक्टरांवर, त्या रिपोर्टवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

माझी पोरगी भाला फेकते. चिखलीतल्या आमच्या सोसायटीत क्रिकेटवाले ढीगभर, भालावाली ही एकटीच. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आली आणि ही म्हणायला लागली, "पप्पा, फेकताना कोपर आतल्या बाजूनं दुखतंय." हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मग एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल. गोळ्या लिहून दिल्या.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे कागदावर ओके आलं की विषय संपला. त्यामुळे तिनं परत तक्रार केली की मी ती फाईल तिच्यापुढे आपटायचो. "नॉर्मल लिहिलंय ना? मग? निवड जवळ आली की बरं दुखतं तुझं! नाचता येईना अंगण वाकडं!"

त्यानंतर दुखण्याचा विषय घरात निघाला नाही. मी बायकोला म्हटलं, बघ, गोळ्या लागू पडल्या.

मैदानावर तिच्या सरांना मात्र दिसत होतं. भाला आधीच्या खुणेपर्यंतही जाईना, आणि फेकल्यावर ही बोटं झटकत बसायची. त्यांनीच कोपराची सोनोग्राफी करा म्हणून सांगितलं. सोनोग्राफी म्हटल्यावर बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, लग्नाची पोर! तिथं कोणी पाहिलं तर काय सांगायचं?" कोपरच दाखवायचं होतं हो! पण मीही तिला गप्प केलं नाही. आमच्या या शहाणपणात पंधरा दिवस गेले, आणि पोरगी रोज भाला फेकत होती.

शेवटी गेलो. डॉक्टर मॅडमनी कोपराला जेल लावून मशीन फिरवलं. "हात नुसता ठेवलाय तोवर मलाही फारसं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग तिचं कोपर थोडं वाकवलं, दंड धरला आणि पुढचा हात बाहेरच्या बाजूला दाबला. पोरगी कळवळली. स्क्रीनवर दोन हाडांमधली फट उघडलेली मलासुद्धा दिसली. डाव्या हाताला तसाच दाब दिला, तर तिथली फट जेमतेम उघडली.

"आतलं लिगामेंट फाटलंय. ताण दिल्याशिवाय कधीकधी कळत नाही. निवडीचं आता विसरा."

अहो, कंपनीत मी रोज हेच करतो, ताण देऊन तपासतो! स्टिअरिंगचा जोड नुसता हातात फिरवून कोणी ओके केला, तर मी त्याला सगळ्यांसमोर झापतो. आधी लोड द्या, मग बोला, हे वाक्य माझंच. आणि स्वतःच्या पोरीचा हात, तो एका जागी निवांत ठेवलेला असताना काढलेल्या फोटोवर, मी पास केला. ती मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होती, फेकताना दुखतंय, फेकताना!

मॅडमनी रिपोर्ट लिहिता लिहिता तिला विचारलं, "दुखायचं मध्ये कधी थांबलं होतं का गं?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नाही. मी सांगायचं थांबवलं होतं."