न दिलेल्या राजीनाम्याचं गाऱ्हाणं

आमच्या गावच्या वाचनालयाच्या उपाध्यक्षाला काम असं काही नसतं. अध्यक्ष आले की त्यांच्या शेजारी बसायचं आणि अध्यक्ष आले नाहीत तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसायचं. अशा पदासाठी पेडणे तालुक्यातला एक शिकलेला माणूस महिनाभर झोप उडवून घेतो, हे मी पाहिलं आहे. त्याची झोप उडावी म्हणून थोडे कष्ट मीही घेतले.

वाचनालयाचे उपाध्यक्ष म्हणजे काजूचे जुने व्यापारी. सगळे त्यांना दादा म्हणत. मुदत संपायला दीड वर्ष होतं आणि ते गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला वास्कोला मुलाकडे गेले. गुडघ्यासाठी माणूस महिना-दोन महिने जातो. पण दादांनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सोबत नेला, हे शेजारणीने पाहिलं आणि गावाने निकाल लावला की दादा परत येत नाहीत. देव नेला म्हणजे बिऱ्हाडच नेलं. आठ दिवसांत दादांनी राजीनामा दिल्याची बातमी तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात पक्की झाली.

नेमक्या त्याच दिवसांत दिल्लीत उपराष्ट्रपतींची खुर्चीही मुदतीआधीच रिकामी झाली होती. वर्तमानपत्रं रोज एक नवं नाव छापत होती. पातळभाजीत उंडो, म्हणजे आमचा गोल पाव, बुडवता बुडवता आमची मंडळी आधी देशाचा उपराष्ट्रपती ठरवत आणि मग वाचनालयाचा उपाध्यक्ष. देशाचं काम पाच मिनिटांत उरके. वाचनालयाला सकाळ पुरत नसे.

वाचनालयाचा चिटणीस मी. गाव मला मास्तर म्हणतं. सगळी पत्रं माझ्याकडे येतात. दादांचा राजीनामा आलेला नव्हता. हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मी खोटं बोलत नाही. पण गोव्यातल्या चहाच्या दुकानात ज्याला माहीत आहे त्याला विचारायची पद्धत नाही. त्याने चर्चेचा रंग जातो.

आता ज्याची झोप उडाली त्या मॅनेजरविषयी. बँकेतून निवृत्त होऊनही त्याला बरीच वर्षं झाली, पण गावात तो अजून मॅनेजरच. एकोणीस वर्षांपूर्वी तो वाचनालयाच्या समितीवर होता आणि माझी मोठी बहीण, बाय, तिथे ग्रंथपाल होती. तिने बावीस वर्षं ते वाचनालय सांभाळलं होतं. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून ती घरून निखाऱ्यांची शेगडी घेऊन जायची आणि कपाटं उघडी टाकून दिवसभर राखण बसायची. मॅनेजरने एका तीन भागांच्या ग्रंथाचा दुसरा भाग नेला आणि दोन वर्षं ठेवला. पहिला भाग वाचलेले लोक दुसऱ्यासाठी खेपा घालत. बायने सगळ्यांना पाठवायची तशी त्यालाही आठवणीची चिठ्ठी पाठवली. पुढच्याच सभेत त्याने ठराव आणला की ग्रंथपालाकडे त्या विषयाचं प्रमाणपत्र असलं पाहिजे. बायकडे नव्हतं. त्याच्या भाचीकडे होतं. बायला एक शाल आणि एक नारळ मिळाला. शाल तिने गोठ्यात वासराला घातली. नारळाची तिने चटणी केली, आणि मला वाढताना एवढंच म्हणाली, "दुसरा भाग अजून त्याच्याकडेच आसा."

एकोणीस वर्षं मी ते वाक्य विसरलो नाही. बायही विसरली नव्हती, पण ती तसं दाखवत नसे.

आमच्याकडे एक जुना अनुभव आहे. ज्याचं नाव आधी घेतलं जातं, त्याच्यावर आधी दगड पडतात. दिल्लीतही ज्याचं नाव पहिल्या दिवशी छापून येतं तो शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या अभिनंदनाला उभा असतो. म्हणून दुकानात एकाने "मास्तर, तुमका काय दिसता?" असं विचारलं तेव्हा मी पाव खाली ठेवला आणि म्हणालो की मला मॅनेजरशिवाय दुसरं कोणी दिसत नाही. माझ्या तोंडून त्याची स्तुती ऐकून दोघांनी मला ती पुन्हा सांगायला लावली. मी तीच स्तुती न्हाव्याकडे केली, पोस्टात केली, तुये गावच्या कारखान्यात जाणाऱ्या मंडळींच्या रांगेत बस येईपर्यंत केली. कुणी म्हणालं, तो कुणाच्या लग्नाला जात नाही. मी म्हणालो, मोठ्या माणसाला वेळ कुठे असतो. कुणी म्हणालं, बँकेत तो मान वर करून बघत नसे. मी म्हणालो, कामात गढलेला माणूस. अशी स्तुती ऐकल्यावर माणसाला जुन्या गोष्टी भराभर आठवतात. पंधरा दिवसांत गावातल्या निम्म्या लोकांचं मॅनेजरशी काही ना काही वाकडं असल्याचं निघालं.

मॅनेजरला मात्र फक्त स्तुतीच ऐकू गेली. एका संध्याकाळी तो स्वतः माझ्याकडे आला. झालं गेलं विसरलं पाहिजे असं म्हणाला. काय झालं आणि काय गेलं ते त्याने सांगितलं नाही. मग म्हणाला, "मास्तर, चार ओळी लिहून द्या. निवड झाल्यावर बोलूक होयें."

मी भाषण लिहून दिलं. मनापासून लिहिलं. त्यात ग्रंथ, गुरू आणि गाव यांच्याविषयी प्रत्येकी एक परिच्छेद होता. बाय आत भाकऱ्या थापत होती. त्या संध्याकाळी भाकऱ्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

भाषण हातात आल्यावर त्याला धीर धरवेना. समितीवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने बंदोबस्त करायचं ठरवलं. सोमवारी तो ग्रामदेवतेच्या देवळात नारळ घेऊन गेला आणि गाऱ्हाणं घालून घेतलं. चार मानकऱ्यांपुढे एकदा देवाला सांगितलेल्या गोष्टीला समितीत आडवं कोण जाणार, हा त्याचा हिशेब. बँकेच्या भाषेत तारण. गुरव उभा राहिला आणि खणखणीत आवाजात त्याने मागणं घातलं की ह्या तुझ्या लेकराला वाचनालयाच्या उपाध्यक्षाच्या जागेवर बसव, वाटेत काय आडकाठी असेल ती दूर कर. जमलेले सगळे सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. देवळात गप्प राहणं बरं दिसत नाही.

घरी आलो आणि वास्कोला फोन लावला. गुडघ्याची चौकशी केली. दादा म्हणाले, बरा आहे, पुढच्या महिन्यात येतो. मग मी जे घडलं ते सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मॅनेजरला तुमच्या जागेवर बसवायचं गाऱ्हाणं झालं, आडकाठी दूर करायलाही सांगितलं. जो माणूस जागा सोडून गेलेला नाही त्याची जागा देवाकडे मागायची, म्हणजे आमच्याकडे काय मागणं होतं, हे दादांना समजावून सांगायची गरज नव्हती. आणि आडकाठी कोण, तेही.

सभा रविवारी होती. मॅनेजर इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी आला. पेढ्यांचा खोका त्याने कपाटावर ठेवला होता. अध्यक्ष घसा खाकरून उपाध्यक्षपदाच्या विषयाकडे वळले, तेव्हा बाहेर रिक्षा थांबली. दादा वास्कोहून सरकारी बसने पणजी, तिथून म्हापसा, तिथून आमचा तिठा असे दोन ठिकाणी गाडी बदलून, काठी टेकत आले होते. पिशवीत बाळकृष्ण होता. ते आपल्या खुर्चीत बसले, बाळकृष्ण काढून टेबलावर ठेवला आणि मॅनेजरकडे पाहून म्हणाले, "मी अजून जितो आसंय."

मॅनेजर म्हणाला की गैरसमज झाला, सगळा गावच म्हणत होता की राजीनामा आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, राजीनामा आला होता का. पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की नाही. "मग सांगितलं का नाही?" मॅनेजर म्हणाला. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही भाषण मागितलंत. ते दिलं."

पेढे कोणी खाल्ले नाहीत. समोर बसलेल्या माणसाच्या मरणावर टपून आणलेले पेढे खायचे कसे? मॅनेजर खोका काखेत मारून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिठ्यावरचं चहाचं दुकान सोडलं. आता तो वर्तमानपत्र घरी वाचतो.

घरी येऊन मी बायला सगळं सांगितलं. ती ओसरीवर बसून आमसुलं निवडत होती. दादांचं वाक्य मी दोनदा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पुस्तक?"

पुस्तकाचं माझ्या लक्षातच नव्हतं.

त्याच दुपारी मी वाचनालयाच्या कागदावर मॅनेजरला चिठ्ठी लिहिली. दुसरा भाग एकवीस वर्षं आपल्याकडे आहे, कृपया परत करावा. उपाध्यक्ष म्हणून दादांची सही घेतली. त्या पदाचा एवढा उपयोग त्याआधी कोणी केला नव्हता, आणि दादांनी सही अशी केली की कागद मागून फुगला. पुस्तक येईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अशी एक चिठ्ठी जाईल, असं आमचं ठरलं.

पाठवण्याआधी ती मी बायला दाखवली. तिने चष्मा लावला, दोनदा वाचली, माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि 'कृपया' खोडलं.